येतो मी

"आई, उलटा घातलास. लेफ्टवाला डावीकडे," मैत्रेय म्हणाला.

कलावतीने हेडफोन काढून पुन्हा नीट घातला. परदेशातल्या, पुकेकोहे गावातल्या त्यांच्या घराचं गॅरेज हे. गाडी बिचारी बाहेर पावसात, आणि आत पोराच्या वायरींचं जंजाळ. एकेकाळी हा रॉक बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे काय, शिरा ताणून असा ओरडायचा की शेजाऱ्यांची कुत्री भुंकायला लागायची, आणि कलावती वैतागून म्हणायची, "अरे, जरा हळू!" बाप गेल्यापासून त्याच्या तोंडून एक सूर निघाला नव्हता. बँडमधली मुलं फोन करून थकली. कलावती रागावली, रडली, जेवणार नाही म्हणून रुसून बसली. हा ढिम्म. गॅरेजात बसून नुसती बटणं दाबायचा. आता तर तीच त्याला म्हणायला तयार होती, "ओरड बाबा, हवा तेवढा ओरड, पण तोंड उघड."

आणि आज त्याचा आल्बम तयार झाला होता. त्याच्या एकट्याचा. संध्याकाळी तो पाठवून देणार, मग जगात कुणीही ऐकावा. त्याआधी आईने ऐकावा म्हणून तो आपण होऊन स्वयंपाकघरात बोलवायला आला. बाईला इतकं भरून आलं की गॅस बंद करून ती ओल्या हातांनीच धावत आली.

ना गिटार, ना ड्रम. नुसती यंत्रातली एक घुमघुम, बराच वेळ. आणि एकदम कानात दादाराव बोलले.

"मैत्रेय, येतो मी."

कलावतीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. नवऱ्याचा आवाज! हॉस्पिटलमधून पोराच्या फोनवर ठेवलेला निरोप होता तो. हात उचलवत नव्हता त्यांना, तिनेच फोन तोंडाशी धरला होता. आता त्या दोन शब्दांचे तुकडे होऊन पुन्हापुन्हा येत होते, कधी लांबून, कधी अगदी कानाशी. येतो. येतो मी. आणि त्याखाली मैत्रेयची कुजबुज. "यू सेड यू वर कमिंग. यू लाइड. यू लाइड टु मी."

तिने हेडफोन ओढून काढला.

"खोटं बोलले? तुझे पप्पा? काय बोलतोस काय तू! रोज पंचशील म्हणायचा तो माणूस. म्हणायचा आणि पाळायचाही!"

"बट ही डिड, आई." मैत्रेयने मान वर केली नाही. "टौरंगाला शो होता ना माझा. मी कॅन्सल करून हॉस्पिटलला निघणार होतो. किल्ली हातात होती. तेवढ्यात हा मेसेज. म्हटलं, स्वीट ॲज, एकदम मस्त, पप्पा बरा झाला, शोला येतोय. दारावर त्याचं नाव देऊन ठेवलं मी. गाताना पूर्ण वेळ दाराकडे बघत होतो."

कलावती खालीच बसली. हे त्याने कधी म्हणजे कधी सांगितलं नव्हतं. शो संपेपर्यंत तिकडे दादाराव गेलेले होते.

"स्पेलिंग तेवढं बघ ना," तो म्हणाला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. आल्बमच्या कव्हरवर देवनागरीत मोठं 'येतो', आणि खाली बारीक अक्षरात त्याचा अर्थ, 'आय ॲम कमिंग'. "बरोबर आहे?"

बरोबर आहे म्हटलं की सुटली. पोरगं जगेल, निदान बापावर रागावून तरी जगेल. पण जिथे जिथे हे गाणं वाजेल तिथे तिथे दादाराव खोटारडे ठरतील, आणि त्यांच्या तोंडाशी फोन धरणारी ती मुकाट ऐकत राहील. खरं सांगावं तर ह्याचं काय होईल, देव जाणे. तिने हो म्हणायला तोंड उघडलं. मांडीवरच्या हेडफोनमधून नवऱ्याचा आवाज बारीक-बारीक येतच होता. तिच्याने हो म्हणवेना.

"बरोबर नाही रे राजा," ती म्हणाली. "निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. अभद्र वाटतं. 'येतो' म्हणतो. ते तुझ्याकडे यायला निघाले नव्हते. तुझा निरोप घेत होते."

मैत्रेयने स्क्रीनवरच्या 'येतो'वर बोट ठेवलं.

"गुडबाय?"

"हो."

"ही न्यू?"

"कळलं होतं त्यांना. म्हणून तर फोन मागितला."

तो ताडकन उठला. "मग मी निघालो असतो. आई, किल्ली हातात होती माझ्या! मी पोचलो असतो. तू मला हे शिकवलं का नाहीस?"

"अरे, शिकवायचं काय त्यात!" कलावतीचा आवाज फाटला. काय बोलतोय आपण, हे तिचं तिला कळत नव्हतं. "घरातच ऐकत मोठा झालास ना? रोज सकाळी माउंट वेलिंग्टनला ऑफिसला निघताना दारातून काय ओरडायचे तुझे पप्पा?"

"येतो," मैत्रेय म्हणाला.

"मग?"

"मग यायचा ना, आई," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी यायचा."