पिंडापुढं दिलेला शब्द

प्रणयच्या दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला, पण कावळा काही शिवेना. सगळे कावळे सागावर माना खाली घालून बसले होते, अगदी मोबाइलवर सापाचा खेळ खेळताना प्रणय बसायचा तसे. जेवायला हाक मारली की तो म्हणायचा, "थांब गो दर्शने, आता उठलो तं मरंन मी." शेवटी खेळत खेळतच मुरबाडला एसटीखाली आला.

"पोराला शिकवू," प्रणयचा भाऊ म्हणाला.

"सुनेला काय कमी पडू देनार नाय," त्याची आई म्हणाली.

एकाही कावळ्यानं मान वर केली नाही.

दर्शना नवऱ्याला पुरती ओळखून होती. बायकोपोरात त्याचा जीव जित्तेपणी कधी अडकला नाही, तो आता काय अडकणार! ती वैतागून म्हणाली, "तुझा खेळ आपला आदेश खेळंल. आता तरी जेव!"

कावळे पिंडावर तुटून पडले. लोक हसले. दर्शनाही हसली, आणि पिंडाशेजारी ठेवलेला त्याचा मोबाइल तिनं नदीत भिरकावला.

घरी तीन वर्षांचा आदेश ओट्यावर मान खाली घालून बसला होता. रिकाम्या तळहातावर त्याचा अंगठा भराभर चालला होता.

"आदेश, जेवायला चल रे."

"थांब गो दर्शने," तो म्हणाला, "आता उठलो तं मरंन मी."