बाहेर बसलेत

तिच्या रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोलेस्टेरॉल फारच वाढलंय. पोटातल्या बाळाच्या वजनावर परिणाम व्हायचा. घरी स्वयंपाक कोण करतं? त्यांना आत बोलवा, मी समजावते."

"हे बाहेर बसलेत. मीच सांगते," म्हणत ती दाराबाहेर गेली, रिकाम्या बाकासमोर जराशी उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "हो म्हणाले."

पुढे दर तपासणीला तीच गत. कधी ह्यांना गाडी लावायला जागा मिळत नसे, कधी ह्यांचा फोन संपता संपत नसे. वजनकाट्यापाशी बसणारी, केस पिकलेली सिस्टर सगळं ऐकायची. तिथून दाराबाहेरचा रिकामा बाकही तिला दिसायचा.

बाळंतपण सुखरूप झालं. सिस्टरनं बाळाला काट्यावर ठेवलं. "पावणेतीन किलो! अगदी हवं तेवढं. थांब, बाहेर सांगून येते."

"नको!" ती ओरडलीच, पण सिस्टर गेलीसुद्धा. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

सिस्टर परत आली ती स्वतःचा जेवणाचा डबा घेऊन.

"सांगितलं हं. आनंदानं वेडेच झालेत. हा डबा दिलाय तुला. म्हणाले, तेल अगदी बेतानं घातलंय."