ताईंचा हात

"आज तुमचे पाय जमिनीवर नाहीत," ताई म्हणाल्या. "सावकाश. पायरी आहे."

"कसे असतील, ताई? पहाटे इस्पितळातून फोन आला. बुबुळ मिळालंय. आजच ऑपरेशन!"

घड्याळजीच्या दंडावरचा ताईंचा हात जरा थबकला. मग त्या म्हणाल्या, "अरे वा!"

स्टेशन एवढंसं. एक फलाट, पत्र्याचं छप्पर, दोन बाकं. स्पीकर कधीचा मुका झालेला, त्यामुळे घड्याळजी कानांनीच गाडी ओळखायचा. धीमी गाडी ब्रेक करकरवत येऊन थांबायची. जलद गाडी इथे ढुंकूनही न बघता धडधडत निघून जायची. पण दार नेमकं कुठे आलं, ते कानांना कसं कळणार? ते काम ताईंचं. दार समोर आलं की त्या त्याचा हात दोनदा दाबायच्या आणि तो पाऊल टाकायचा. "तुमच्यावर माझा डोळे मिटून विश्वास," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

डोळे गेले तेव्हा सख्खा भाऊसुद्धा चार दिवसांत कंटाळला. ताईंचं तसं नव्हतं. त्या पलीकडच्या गावी शाळेत शिकवायच्या. तो काठी आपटत फलाटावर आला त्या पहिल्याच दिवशी त्या आपणहून पुढे झाल्या. पूर्वी त्या स्वतःची मोटार चालवत शाळेत जायच्या. नकोशी झाली म्हणून विकली, म्हणायच्या. आपल्या नशिबानेच विकली, असं घड्याळजीला वाटायचं.

त्याने खिशातलं भिंग चाचपलं. "पट्टी सुटली की दुकान उघडतो. ऑपरेटरच्या नोकरीत टेलिफोनवर हॅलो हॅलो करून जीव विटलाय. तुमचं बंद पडलेलं घड्याळ पहिलं, फुकट!"

"आणि सगळ्यात आधी काय बघणार?"

"तुमचा चेहरा. मग दुसरा एक शोधायचाय."

"कुणाचा?"

"मला उडवलं ना, तेव्हाचा. काच फुटून डोळ्यांत गेलेली. मोटारीतून कुणीतरी उतरलं, वाकून बघितलं आणि चकार शब्द न काढता निघून गेलं. रक्तातून अंधूक दिसलेलं ते शेवटचं. पोलिसांना वर्णन सांगता आलं नाही मला. पण समोर आला, तर हजारांत ओळखीन तो चेहरा."



"झालं गेलं विसरून जा ना," ताई म्हणाल्या. "डोळे मिळताहेत, पुरे नाही का?"

"पोटावर पाय आला हो माझ्या. असं कसं सोडू?"

फलाट थरथरू लागला. दूरवर धडधड ऐकू आली.

"आली," ताई म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. आपल्यासाठी त्यांना रडू आलंय, असं घड्याळजीला वाटलं. सख्ख्या बहिणीने तरी एवढं केलं असतं का?

ताईंनी त्याला नेहमीसारखं पुढे नेलं. अंगावर वारा आला. त्यांनी हात दोनदा दाबला.

पाऊल उचललं आणि मग घड्याळजीच्या लक्षात आलं, ब्रेक करकरलेच नव्हते.