दुपारची पाळी

कबुतराचा नर ढाबळीच्या छपरावर उतरला, पण आत शिरेना.

एर्विन गाव्लिक दाराशी श्वास रोखून उभा होता. त्याच्यामागे अंगणात, तो चालवत असलेल्या ‘पंख’ या कबुतर-शर्यतींच्या मासिकाचे तीस-चाळीस वाचक, बहुतेक निवृत्त खाणकामगार, एकमेकांचे दंड घट्ट धरून वर पाहत होते. जर्मनीतल्या एका गावातून सकाळी सहाला सोडलेले हे कबुतर सहाशे किलोमीटर कापून दीड वाजता पोलंडमधल्या सिलेसियातल्या आपल्या छपरावर परतले होते. पण छपरावर येणे म्हणजे पोहोचणे नव्हे. पायातली रबरी कडी काढून शर्यतीच्या घड्याळात टाकायची आणि किल्ली फिरवून वेळ उमटवायची. तेव्हाच ते आले असे धरतात.

“ये रे, ये राजा,” एर्विन पुटपुटला. नराने मान तिरकी केली आणि तो दोन पावले मागे सरकला.

“संपादक, दाण्यांचा डबा वाजवा की!” म्हातारा रुफिन कुजबुजला.

“वाजवतोय! तू आधी तोंड मीट.”

कुंपणापलीकडे तेओफिल कोचुर राहत होता. तो ‘परतवाट’चा संपादक. तेरा वर्षे ही दोन मासिके एकमेकांवर तुटून पडत होती. शर्यतीआधी नर आणि मादी दहा दिवस वेगळी ठेवावीत, विरहानेच नर वेगाने घर गाठतो, असे ‘परतवाट’ सांगे. जोडीला कधी तोडू नये, घरट्यातल्या अंड्यांच्या ओढीनेच पक्षी खरा उडतो, असे ‘पंख’ सांगे. अखेर दोघांनी आपापल्या जुलैच्या अंकात पहिल्याच पानावर जाहीर केले होते: या रविवारी दोघांनी एकेकच पक्षी उडवायचा, आणि ज्याचा मागाहून येईल त्याने आपले मासिक बंद करायचे.

 एर्विनच्या कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला एक कागद होता आणि सकाळपासून हात पुन्हा पुन्हा तिकडे जात होता. नर येण्याच्या थोडे आधी ‘पंख’चा फोटोवाला, फोटोसाठी चढलेल्या फळीवरून, थेट कोबीच्या वाफ्यात पडला, तेव्हा सगळे अंगण पोट धरून हसले. एकटा एर्विन हसला नाही.

नर अजून छपरावरच. एक मिनिट गेले. दीड मिनिट. कुणीतरी हळूच छातीवर क्रूस रेखला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. “अरे गाढवा, टोपी! ती टोपी काढ डोक्यावरची!”

एर्विनचा हात डोक्याकडे गेला. फोटोसाठी बायकोने, मार्टाने, आणलेली कोरी करकरीत पांढरी टोपी! शर्यतीच्या दिवशी जुनेच कपडे घालावेत, अनोळखी रंगाला पक्षी बुजतो, ही सूचना तो दर महिन्याला स्वतः छापत असे. त्याने टोपी कोटाखाली कोंबली. नराने त्याचे टक्कल ओळखले, पंख आवरले आणि टुणकन आत उडी घेतली. कडी निघाली. किल्ली फिरली. अंगणात असा जल्लोष उठला की शेजारची कुत्री भुंकू लागली.

“‘परतवाट’ गेलं खड्ड्यात!” रुफिन नाचू लागला.

पण टोपी काढायला सांगितले कुणी, हे एर्विनच्या डोक्यातून जाईना. कुंपणाचे फाटक ढकलून तो पलीकडे गेला. तेओफिल एका पालथ्या बादलीवर बसला होता. गर्दीने पक्षी बिथरतात म्हणून त्याने आपल्या वाचकांना बोलावलेच नव्हते. शेजारी त्याचे घड्याळ होते. किल्ली जागच्या जागी.

“तुझा आला नाही अजून?”

“आलाय की. तुमचा फोटोवाला कोबीत पडला ना, तेव्हाच. तुमचं आपलं खिदळणं चाललं होतं.”

“मग किल्ली का नाही फिरवलीस? डोकं फिरलंय का तुझं?”

 तेओफिलने उठून ढाबळीचे दार उघडले. आत मादी आडव्या दांडीवर पिसे साफ करत होती. खाली घरट्यात नर दोन अंड्यांवर बसला होता, सहाशे किलोमीटरची धूळ अंगावर घेऊन. पायात रबरी कडी तशीच होती.

“दुपारची पाळी नराची असते,” तेओफिल म्हणाला. “आला तो सरळ अंड्यांवर बसला. पाणीसुद्धा प्यायला नाही.”

“म्हणजे तू... जोडी तोडलीच नाहीस?”

“मार्चमध्ये लुत्सिया गेली, आमची जोडी तुटली. त्यानंतर दोनदा मधे फळी घालायला गेलो. हात उचलेना रे.” त्याने हळूच दार ओढून घेतले. “तेरा वर्षं लोकांना सांगितलं, वेगळे करा, वेगळे करा. आता तुझ्या रीतीने जिंकून ‘परतवाट’ कुठल्या तोंडानं चालवू? पुढच्या अंकात छापतो मी, एर्विनचं खरं होतं म्हणून. तोच शेवटचा अंक.”

पलीकडे ‘पंख’च्या नावाचा गजर चालूच होता. एर्विनने आतल्या खिशातून घडीचा कागद काढला आणि तेओफिलच्या हातात ठेवला.

तेओफिलने तो उलगडला. ‘परतवाट’चे एप्रिलचे अकरावे पान होते ते: ‘शर्यतीआधीचे दहा दिवस नर-मादी वेगळी कशी ठेवावीत’. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक दिवसापुढे एर्विनच्या पेन्सिलीची बरोबरची खूण होती.