मीठ वाढलं की

मस्कतला नोकरीला जाताना प्रविणने पेणच्या खारेपाटातल्या घरी समुद्री माशांचा फिशटँक आईच्या हवाली केला. त्यात रंगीत प्रवाळ होतं, दोन केशरी मासे होते आणि पाण्यातलं मीठ मोजणारं एक यंत्र होतं. पाणी आटून मीठ वाढलं, की तिकडे प्रविणचा मोबाइल वाजायचा आणि तो लगेच आईला, इंदुबाईला, फोन लावायचा.

"आये, मीठ वाढलंय गो. डब्यातलं गोडं पानी टाक तांब्याभर."

इंदुबाई सावकाश ओतायची. आकडा खाली येईपर्यंत प्रविण फोनवरच थांबायचा. मग गुडघा कसा हाय, जेवलीस का, असं काहीबाही बोलणं व्हायचं.

गणपतीला घरी आला तेव्हा त्याने टँकला एक पंप जोडला. पाणी आटलं की तो पंप आपोआप गोडं पाणी सोडणार होता.

"आता तुझा ताप गेला, आये. तुला काय बघायला नको."

पंप खरंच चांगला निघाला. दिवाळी उलटली तरी मीठ एकदाही वाढलं नाही. शेजारची दिपिका विचारायची, "काकी, प्रविणदादाचा फोन नाय आला?"

"कामात असल," इंदुबाई म्हणायची.

 

सगळा जन्म मिठागरात गेलेल्या इंदुबाईने आज आधी माशांना हात जोडले, मग बरणीतलं मूठभर मीठ टँकमध्ये सोडलं, आणि फोन मांडीवर घेऊन बसली.