पांढरा पट्टा

पणदऱ्याचा गेणबा आणि त्याचा सख्खा चुलतभाऊ विजयसिंह एका बांधापायी वीस वर्षं कोर्टात भांडले. शेवटी दोघांनीही कंटाळून जमिनी विकल्या. घेणाऱ्यानं जेसीबी लावून बांधच सपाट केला आणि हे दोघं बारामतीत फ्लॅट घेऊन राहिले.

आता तिथं ओढ्याच्या काठानं दोन बागा जोडणारा ट्रॅक झालाय. डावीकडं चालणारे, उजवीकडं सायकलवाले, मधोमध पांढरा पट्टा. गेणबाला शुगर, म्हणून तो चालतो. विजयसिंहाचे गुडघे गेलेत, म्हणून तो सायकल मारतो.

“चाक आत आलं तर हवा सोडीन!” गेणबा रोज ओरडतो.

“पाय भायेर दिसला तर वरनं चाक घालीन!” विजयसिंह जाता जाता ऐकवतो.

पट्टा फिकट झाला म्हणून काल रंगारी आला. त्याला चहा पाजून गेणबा हळूच म्हणाला, “पट्टा वीतभर तिकडं सरकव. चालणाऱ्यांना जागा पुरंना झालीय.” वीस वर्षांत कोर्टानं दिलं नाही ते एका चहात मिळणार, या विचारानं त्याला गुदगुल्या होत होत्या.

रंगारी हसला. “आबा, मगाशी सायकलवाले एक आबा वीतभर इकडं सरकवायला सांगून गेले. त्यांचाबी चहा प्यालोय. दोघांचं ऐकलं तर पट्टा हाय तितंच येतोय की!”

गेणबानं आणखी एक चहा सांगितला.

 

“मग दोन विती सरकव.”