काळ्या पट्टीखालचं माणूस

“ही बाई नव्हे, नमुना आहे नमुना,” असं पुटपुटत तपासनिसांनी फाईलचं चौथं पान उलटलं.

त्यांचं कामच ते. नोकरीच्या उमेदवाराने मोबाईलवर काय पाहिलं, काय शोधलं, कुणाला काय धाडलं, याचा यंत्राने काढलेला माग वाचायचा आणि माणूस लायक की नालायक ते ठरवायचं. नाव नि फोटो काळ्या पट्टीखाली. ओळखदेख आड यायला नको. दुसऱ्याचं वाकून बघण्याचा पगार खात त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि माणसाची किंमत त्यांच्या लेखी आता पायपुसण्याइतकी उरली होती.

आज मात्र मामला घरचा होता. खातेप्रमुखाची खुर्ची रिकामी, उमेदवार दोनच: हे आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या तपासनीस बाई. साहेबांनी सकाळी दोघांपुढे एकेक फाईल ठेवली होती. शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं. आपल्यापुढची बाईंची, म्हणजे आपली फाईल बाईंकडे गेली असणार, पण त्या पडल्या भिडस्त. त्या कसल्या वाकडं लिहितात?

आणि फाईल तरी कशी! दिवसातून एकेचाळीस वेळा स्वतःचेच फोटो न्याहाळणं. जुन्या सोबत्याचं नवं घर दोनशे वेळा पाहणं, अभिनंदन एकदाही नाही. चौदा पुस्तकं घेतलेली, सहाव्या पानापुढे एकही नाही. घरच्यांचे निरोप, अगदी इस्पितळातलेसुद्धा, न वाचताच वर नुसतं अंगठ्याचं चिन्ह. दुसऱ्यांच्या खासगी गोष्टी मित्रांत वाटणं, आठवड्याला सात.

तपासनिसांनी त्या पानाचा फोटो काढून मित्रांना धाडला. खाली लिहिलं, ‘असल्यांच्या शेजारी बसावं लागतं.’

मग शेरा मारला: ‘आत्मप्रेमी, मत्सरी, पोकळ. खुर्ची सोडाच, नोकरीतही ठेवू नये.’ खाली झोकदार सही.

साहेबांनी शेरा दोनदा वाचला. पुन्हा विचार करायचाय का, असं विचारलं. तपासनीस म्हणाले, शितावरून भाताची परीक्षा होते, इथे तर अख्खं पातेलं उपडं झालंय.

“ओळखीचं कुणी वाटलं नाही?”

“असल्या माणसाची ओळख सांगायची लाज वाटेल, साहेब.”

साहेबांनी कागद खणात ठेवला.

“बाई त्यांच्यापुढची फाईल घेऊन अर्ध्या तासातच परत आल्या होत्या,” ते म्हणाले. “मान खाली घालून म्हणाल्या, ही तर माझीच फाईल आहे.”